पुळणीवरचं विद्यापीठ

सेंट अँड्र्यूजला आगगाडी जात नाही. गावातलं स्टेशन १९६९ साली बंद झालं ते झालंच. एडिंबरोहून निघायचं, फोर्थ खाडीवरचा १८९० सालचा तांबडा पोलादी पूल ओलांडायचा, तासाभराने ल्यूकर्स नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरायचं आणि पुढे बस धरायची. इथे शिकणारी माझी भाची उतरवून घ्यायला आली होती. मला या प्रवासाचं नवल वाटलं नाही. आम्हीही हर्णैला जाताना खेडला उतरतो आणि एसटी धरतो. समुद्राकाठच्या जुन्या गावांना आगगाडीने बहुधा वळसाच घातलेला असतो.

*

गावाचा नकाशा पाच मिनिटांत डोक्यात बसतो. नॉर्थ स्ट्रीट, मार्केट स्ट्रीट, साउथ स्ट्रीट असे तीन रस्ते, आणि तिन्ही एका टोकाला कॅथीड्रलकडे सरकत जातात. मध्ये बोळ. घरं करड्या दगडांची. इथले लोक गावाला लाडाने ‘जुनं करडं गाव’ म्हणतात. कॅथीड्रल होतं म्हणून एके काळी हे शहर. आज वस्तीच्या मानाने गावच म्हणायचं, पण दहा हजारांच्या घरातले विद्यार्थी याच तीन रस्त्यांवरून जा-ये करतात. वेगळं आवार नाही, फाटक नाही. एखाद्या दुकानाशेजारच्या कमानीतून आत वळलं की चौक लागतो आणि आपण विद्यापीठात असतो.

*

विद्यापीठाचा जन्म मला फार विलक्षण वाटला. १४१० साली शिकवणं सुरू झालं, पुढच्या दोन वर्षांत बिशप हेन्री वॉर्डलॉने सनद दिली. पण पदवी सगळीकडे चालायची तर पोपची मान्यता हवी. त्या काळात एकाच वेळी तीन जण आपण पोप असल्याचं सांगत होते. त्यांतल्या तेराव्या बेनेडिक्टला फ्रान्सने सोडलं, बाकीचेही सोडत चालले. स्कॉटलंड त्याच्या बाजूने राहिलं. त्यामुळे पॅरिसला शिकणाऱ्या स्कॉटिश मुलांची तिथे अडचण झाली आणि घरीच विद्यापीठ काढण्याची निकड आली. बेनेडिक्ट तेव्हा स्पेनच्या किनाऱ्यावर पेनिस्कोलाच्या किल्ल्यात राहत होता. तिथून त्याने ऑगस्ट १४१३ मध्ये सहा फर्मानं काढली. ती सेंट अँड्र्यूजला पोचली १४१४च्या फेब्रुवारीत. घंटा वाजल्या, रस्त्यात शेकोट्या पेटल्या.

चारच वर्षांनी स्कॉटलंडनेही त्याला सोडलं. पोप गेला, त्याने दिलेली पदवी राहिली.

*

पहिल्या संध्याकाळी समुद्रावरून धुक्याचा लोट आला आणि दहा मिनिटांत समोरचा मनोरा नाहीसा झाला. याला इथे ‘हार’ म्हणतात. वसंतात जमिनीकडची ऊबदार हवा थंडगार उत्तर समुद्रावर गेली की तिच्यातली वाफ निवते, आणि वारा ते धुकं परत गावात लोटतो. भाची म्हणाली, “मावशी, आज हार आलाय.” माझ्या कानाला तो फुलांचा वाटला, आणि समुद्राकडून गावात येताना दिसलाही तसाच, गळ्यात पडल्यासारखा.

*

सेंट साल्व्हेटरचं प्रार्थनामंदिर १४५० साली बिशप केनेडीने स्थापन केलं. त्याच्या मनोऱ्याखाली, रस्त्याच्या दगडांत, दोन अक्षरं बसवलेली आहेत. पी आणि एच. पॅट्रिक हॅमिल्टन. वय चोविसाच्या आसपास. जर्मनीत जाऊन ल्यूथरचे विचार ऐकून आला आणि इथे ते शिकवू लागला. २९ फेब्रुवारी १५२८ला याच जागी त्याला जाळलं. लाकडं ओली, वारा समुद्राकडून. सहा तास लागले.

आज मुलं त्या अक्षरांवर पाय देत नाहीत. दिला तर परीक्षेत नापास होतो असं मानतात. मी अर्धा तास समोरच्या भिंतीला टेकून पाहत होते. घोळके बोलत, हसत यायचे, आणि नेमके तिथे फाकून पुन्हा एक व्हायचे. पायाखाली न बघता. धर्मशास्त्राचा तो सगळा वाद यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? तरी जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वी जाळलेल्या एका तरुण शिक्षकाला दिवसातून हजारदा वाट करून दिली जाते. मला कुठल्याही पुतळ्यापेक्षा हे मोठं वाटतं.

*

लाल झगे. लोकरीचे, जाडजूड, वाऱ्यात फडफडणारे. भाची सांगते, पहिल्या वर्षाची मुलं तो दोन्ही खांद्यांवर नीट घेतात. दुसऱ्या वर्षी थोडा मागे सरकतो. तिसऱ्या वर्षी कलाशाखेचे डाव्या खांद्यावरून उतरवतात, विज्ञानवाले उजव्या. चौथ्या वर्षी कोपरांवर येतो. म्हणजे चार वर्षांत झगा हळूहळू अंगावरून निसटत जातो. भाचीचा डावा खांदा उघडा आहे.

पहिल्या वर्षाच्या मुलाला इथला जुना शब्द ‘बेजंट’. मूळ फ्रेंच, अर्थ पिवळी चोच. घरट्यातलं पिल्लू. या पिल्लांना वरच्या वर्गातले विद्यार्थी दत्तक घेतात, त्यांना आई आणि वडील म्हणतात. पूर्वी मुलं या आईवडिलांना रतलभर मनुका द्यायची आणि आईवडील लॅटिनमध्ये पावती द्यायचे. अजून ऑक्टोबरात मनुकांच्या नावाचा सण होतो, आता त्यात फेसाची लढाई असते. भाचीची इथली ‘आई’ आयर्लंडची होती. भाची पहिल्या हिवाळ्यात आजारी पडली तेव्हा पेज तिने करून दिली होती. मला ते तेव्हा फोनवर कळलं होतं, ती बाई कोण हे आज कळलं.

*

कॅथीड्रल. बाराव्या शतकाच्या मध्यास बांधायला घेतलं, ५ जुलै १३१८ला रॉबर्ट द ब्रूस राजाच्या समोर त्याची प्रतिष्ठापना झाली. दीडशेहून जास्त वर्षं. स्कॉटलंडमध्ये याहून मोठं चर्च बांधलं गेलं नाही. आज पूर्वेची एक उंच भिंत, पश्चिमेच्या दाराचा एक तुकडा, दक्षिणेची एक बाजू, आणि मध्ये हिरवळ. हिरवळीत खांबांचे बुंधे. त्यांवरून लांबी मोजत चालायचं. शेजारी त्याच्याही आधीचा सेंट रूलचा चौकोनी मनोरा, ३३ मीटर, सरळसोट. कथा अशी की रूल नावाचा साधू ग्रीसमधून सेंट अँड्र्यूच्या अस्थी घेऊन गलबतातून निघाला आणि इथे किनाऱ्याला लागला.

१५५९च्या जूनमध्ये जॉन नॉक्सने गावातल्या चर्चमध्ये प्रवचन दिलं, आणि जमावाने कॅथीड्रलची मोडतोड केली. पुढे छप्पर गेलं, दगड गावाने नेले. साउथ स्ट्रीटच्या घरांच्या भिंतींत मधूनच एखादा कोरीव दगड दिसतो. तो तिथला. याबद्दल कुणी खंत करत नाही, कुणी ते पुन्हा उभारायचंही म्हणत नाही. हिरवळ कापतात, दरजा भरतात, पडायला आलेलं तेवढं सावरतात. मोडलं त्याला मोडलेलंच राहू देणं ही सुद्धा एक शिस्त आहे. आपल्याकडे जुन्या देवळाला ऑइलपेंट फासलेला बघून मला वाईट वाटतं ते या शिस्तीच्या अभावाचंच.

*

किल्ला समुद्रावरच्या कड्यावर. समुद्राने त्याचा मोठा दिवाणखाना १८०१ साली गिळला. उरल्यासुरल्याचे दगड त्याच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकात, बंदराचा धक्का दुरुस्त करायला काढले होते.

इथली गोष्ट रक्ताची आहे. मार्च १५४६ मध्ये जॉर्ज विशार्टला किल्ल्यासमोर जाळलं. मे महिन्यात त्याच्या बाजूची माणसं गवंड्यांच्या वेशात आत शिरली, कार्डिनल बीटनला ठार मारलं, त्याचं प्रेत तटावरून लोंबतं ठेवलं आणि वर्षभर किल्ला धरून बसले. राजपक्षाने खडकातून सुरुंगासाठी भुयार खणायला घेतलं. आतल्यांना खाली टिकावाचे आवाज ऐकू येत होते, म्हणून त्यांनी आतून उलटं भुयार खणलं. दोनदा दिशा चुकली. तिसऱ्यांदा भिडले.

त्या दोन्ही भुयारांत आजही उतरता येतं. मी उतरले. आतून खणलेलं भुयार अरुंद, वाकडंतिकडं, गुडघ्यांवर रांगावं लागतं. भीतीने आणि घाईने खणलेलं ते हाताला कळतं, छिन्नीचे घाव आडवेतिडवे आहेत. मग एका भोकातून खाली गेलं की बाहेरून आलेलं भुयार. प्रशस्त, उभं राहता येईल असं, पायऱ्यापायऱ्यांचं. ज्याला वेळ होता त्याचं. दोन्ही पक्षांच्या मनाची अवस्था खडकात जशीच्या तशी उरली आहे. आमच्या हर्णैच्या सुवर्णदुर्गाच्या तटाकडे मी लहानपणापासून पाहते. १७५५ साली इंग्रजांचं आरमार आणि पेशव्यांचं लष्कर त्यावर चालून आलं, तेव्हा आतल्या माणसांना काय ऐकू येत असेल असं मनात यायला मला या भुयारात यावं लागलं.

*

थंडी. एप्रिल संपत आलाय आणि मी दोन स्वेटर घालून बसले आहे. रात्री पावणेनऊपर्यंत उजेड.

*

साउथ स्ट्रीटवर एक मोठी, शांत, दगडी इमारत. पुढ्यात तेवढाच एक पडका मठ, ब्लॅकफ्रायर्सचा. इमारतीचं नाव वाचलं आणि थांबलेच. मद्रास कॉलेज.

कॉलेज म्हणतात, पण ही माध्यमिक शाळा. डॉ. अँड्र्यू बेल याने ठेवलेल्या पैशातून ती १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला उभी राहिली. बेल याच गावातल्या न्हाव्याचा मुलगा, जन्म १७५३. इथेच शिकला, नशीब काढायला मद्रासला गेला आणि १७८९ मध्ये एग्मोरच्या मुलांच्या अनाथाश्रमाचा प्रमुख झाला. मुलं गोऱ्या शिपायांची, आया बहुतेक तिथल्या. शिक्षक ऐकेनात, मुलं शिकेनात. एक दिवस घोड्यावरून जाताना त्याला एक मलबारी शाळा दिसली. उघड्यावर बसलेली मुलं जमिनीवर पसरलेल्या वाळूत बोटांनी अक्षरं काढत होती. मोठी मुलं लहानांना दाखवत होती. बेल परत आला, वाळू मागवली. शिक्षकांनी नाक मुरडलं, म्हणून फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला त्याने सांगितलं, तू शिकव. मुलगा शिकवू लागला आणि मुलं शिकू लागली.

या रीतीवर बेलने १७९७ साली लंडनमध्ये पुस्तक छापलं. ‘मद्रास पद्धती’ म्हणून ती इंग्लंडभर गेली, तिच्यावर हजारो शाळा निघाल्या. बेल वारला १८३२ मध्ये, आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला जागा मिळाली.

मी तेहतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. त्यामुळे या इमारतीपुढे मला उभं राहवेना आणि तिथून निघवेनाही. ते वाळूतलं लिहिणं म्हणजे आमची धुळाक्षरं. आमचे आजोबा धुळपाटीवरच शिकले. लाकडी फळी, तिच्यावर चाळलेली धूळ, हातात बोरू नाहीतर काडी. वर एक जरा मोठा मुलगा बसायचा आणि हात धरून गिरवून घ्यायचा. याला आमच्याकडे कुणी पद्धती म्हटलं नाही. पंतोजी एक आणि पोरं चाळीस असली की दुसरं करणार काय?

बेलने ते चोरलं असं मी म्हणणार नाही. त्याने कुठून घेतलं ते स्वतः सांगितलं आणि गावातल्या शाळेला नावही त्या शहराचं पडलं. १९९६ साली मद्रासचं चेन्नई झालं, इथे मात्र मद्रास कायम आहे. माझा जीव अडकला तो दुसरीकडे. फ्रिस्कनचं नाव राहिलं. त्या उघड्यावरच्या शाळेच्या मास्तरांचं नाव कुणी विचारलं नाही. घोड्यावरून जाणाऱ्या साहेबाने क्षणभर लगाम खेचला आणि पुढे गेला, एवढंच त्यांना दिसलं असेल. ते त्या दिवशी कुठलं अक्षर शिकवत होते?

*

मद्रास कॉलेज २०२१ मध्ये गावाच्या कडेला नव्या इमारतीत गेलं. जुनी वास्तू आता विद्यापीठाकडे आली आहे.

*

घरी दादाला फोन केला. आजोबांची धुळपाटी माळ्यावर आहे का बघ म्हटलं. तो म्हणाला, “आत्ता? अगं, रात्रीचे अकरा वाजलेत.” उद्या बघतो म्हणाला.

*

याच गावातून आमच्या गावात एक माणूस आला होता. रॉबर्ट नेस्बिट. १८२३ ते १८२८ थॉमस चामर्स इथे नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याच्या प्रभावाखाली सहा विद्यार्थ्यांनी १८२४ साली विद्यापीठात मिशनरी मंडळ काढलं. विशीच्या आतबाहेरची पोरं. त्यांतला एक अठराव्या वर्षीच वारला. अलेक्झांडर डफ कलकत्त्याला गेला आणि नाव मिळवून बसला. नेस्बिट १८२७ मध्ये मुंबईला उतरला आणि स्कॉटिश मिशनच्या कामासाठी कोकणात आला. बाणकोट, हर्णै. पुढे पुणे, मग मुंबई. १८५५ साली पटकीने मुंबईतच गेला. त्याच्यासारखं मराठी बोलणारा दुसरा गोरा माणूस नाही, असा त्याचा लौकिक त्याच्या सोबत्यांनी लिहून ठेवला आहे.

हर्णैत मी जन्मले, वाढले. बंदरावरचा मासळीचा लिलाव, सुवर्णदुर्ग, मुरूडची पुळण, सगळं तोंडपाठ. नेस्बिटचं नाव मात्र मी गावात कधी ऐकलं नाही. तो आला होता आमचा धर्म बदलायला, आणि ते मला आजही पटत नाही. पण वयाच्या चोविसाव्या वर्षी या करड्या गावातून निघून तो बंदरावर उतरला, त्याने कोळणींची, खोतांची, कुळांची मराठी कानांनी उचलली. आयुष्य त्याच भाषेत घालवलं. भाषा शिकवणाऱ्या बाईला याचा आदर वाटल्याशिवाय राहत नाही. त्याने इथल्या वेस्ट सँड्सच्या पुळणीवर उभं राहून पाहिलेला समुद्र आणि माझ्या अंगणातून दिसणारा समुद्र यांच्यात माझं मन दोन दिवस येरझाऱ्या घालतंय.

*

वॉर्डलॉ म्युझियम, समुद्राकडे तोंड करून. पंधराव्या शतकातले विद्यापीठाचे तीन राजदंड. १५७५ सालचं पितळी ॲस्ट्रोलेब, हंफ्री कोलने केलेलं. लखलखीत, परातीएवढं. ते जेम्स ग्रेगरीने वेधशाळेसाठी आणलं.

ग्रेगरी १६६८ ते १६७४ इथे गणिताचा प्राध्यापक होता. ग्रंथालयाच्या वरच्या दालनात बसून काम करायचा. तिथल्या लाकडी जमिनीवरून त्याची मध्यान्हरेषा गेली. आता साउथ स्ट्रीटच्या फरसबंदीतही धातूची पट्टी बसवून ती दाखवली आहे. समुद्रपक्ष्याचं पीस उन्हाच्या कवडशात धरलं आणि भिंतीवर रंगांचे ठिपके पडले, हे त्याने १६७३ मध्ये पत्रात लिहिलं. एवढ्या साध्या वस्तूत एवढं पाहणारा माणूस.

त्याचीच १६७१ सालची एक श्रेणी आहे. एकातून एक-तृतीयांश वजा करा, एक-पंचमांश मिळवा, एक-सप्तमांश वजा करा, असं न संपता करत गेलं की पायचा चौथा हिस्सा मिळतो. ही केरळात संगमग्रामच्या माधवाला आधीच सापडली होती, हे आता गणिताची पुस्तकंही सांगतात. आज तिला दोघांचं आणि लायब्निट्झचंही नाव देतात. पोपची फर्मानं पेनिस्कोलाहून इथे यायला निघाली त्या सुमाराला माधव हयात असावा असं मानतात. 

*

गोल्फ. मला त्यातलं काही कळत नाही, पण जमिनीची गोष्ट कळते. समुद्र आणि शेतं यांच्यामधली रेताड, पिकाला निरुपयोगी पट्टी म्हणजे ‘लिंक्स’. आपलं गायरान. १४५७ साली राजाने गोल्फला बंदी केली, लोक धनुर्विद्या सोडून चेंडू मारत बसतात म्हणून. १५५२ मध्ये आर्चबिशपने लेखी कबूल केलं की या गायरानावर खेळण्याचा हक्क गावकऱ्यांचा. पुढे कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने ती जमीन घालवली, ती सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली, ससे आणि खेळगडी यांच्यात वर्षानुवर्षं झगडा चालला. शेवटी गावाने ती परत मिळवली. जगातलं सर्वांत प्रसिद्ध गोल्फचं मैदान आजही सार्वजनिक आहे. रविवारी खेळ बंद. त्या दिवशी माणसं कुत्री घेऊन, बाबागाड्या ढकलत हिरवळीवरून फिरतात. आम्हीही फिरलो. स्विल्कन ओढ्यावरचा तो छोटा दगडी पूल, ज्यावर मोठमोठे खेळाडू निरोपाचा फोटो काढतात, त्यावर एक आजीबाई बसून संत्रं सोलत होत्या.

*

रविवारी सकाळी प्रार्थना संपल्यावर लाल झगे घातलेली मुलं रांगेने धक्क्यावर चालत गेली. टोकापर्यंत, मग लोखंडी शिडीने वरच्या अरुंद कठड्यावर चढून परत. १८००च्या जानेवारीत वादळात जहाज फुटलं तेव्हा जॉन हनी नावाच्या विद्यार्थ्याने कमरेला दोर बांधून पाण्यात उडी घेतली आणि पोहत जाऊन एकेका माणसाला किनाऱ्यावर आणलं. त्याच्या आठवणीसाठी ही चाल, असं सांगतात. काहींच्या मते प्रथा त्याहूनही जुनी.

*

१८४१ मध्ये टॅल्बटने कागदावर छायाचित्र घेण्याच्या आपल्या रीतीचं पेटंट काढलं, ते इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडला ते लागू नव्हतं. विद्यापीठातला डेव्हिड ब्रूस्टर टॅल्बटचा स्नेही होता, रीत पत्रांतून इथे आली, आणि जॉन ॲडमसन नावाच्या डॉक्टरने त्याच वर्षी स्कॉटलंडमधलं त्या रीतीचं पहिलं व्यक्तिचित्र काढलं. त्यामुळे या चिमुकल्या गावाचे १८४०च्या दशकातले फोटो आहेत. कोळणी, मास्तर, पडका किल्ला. कोळणी मी बराच वेळ पाहिल्या. टोपल्या, कंबरेवर हात. ओळखीच्या.

*

या विद्यापीठात विद्यार्थी रेक्टर निवडतात. १८६०च्या दशकात जॉन स्टुअर्ट मिल होता, ज्याची पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत गेली. १९२२ ते १९२५ मुंबईत जन्मलेला किपलिंग.

*

बायर थिएटर. बायर म्हणजे गोठा. १९३३ साली काही नाट्यवेड्या मंडळींनी गावातला खरोखरीचा गाईंचा गोठा साफ करून त्यात नाटकं सुरू केली. आजची इमारत २००१ची, पण नाव गोठाच. पहिल्या रंगमंचाची रुंदी ऐकून मला आमच्या गावच्या होळीच्या मांडवातली नाटकं आठवली, दोन पात्रं आली की तिसऱ्याने विंगेत थांबायचं. तिथे मी विद्यार्थ्यांचा प्रयोग पाहिला. संवाद निम्मे कळले. शेवटच्या प्रवेशात एका मुलीचं नुसतं उभं राहणं अजून डोळ्यांपुढे आहे.

*

बायकांसाठी इथे १८७७पासून घरी राहून द्यायची एक वेगळी परीक्षा होती. पूर्ण पदवी मिळालेली पहिली बाई ॲग्नेस ब्लॅकॅडर, १८९५. नाशिकला जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी त्याआधी, १८८०च्या दशकातच मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली होती. भाचीला हे सांगितलं. तिने लगेच वहीत टिपून घेतलं, मैत्रिणींना सांगायला.

*

दादाचा संदेश. पाटी सापडली. एक कड वाळवीने खाल्ली आहे. फोटोत अंगणातल्या उन्हात ठेवलीय, मधोमध घासून घासून पडलेली खोलगट जागा दिसते.

*

१ मे, पहाटे पाच. ईस्ट सँड्सवर शेकड्यांनी मुलं. रात्रभर जागलेली, ब्लँकेटं गुंडाळलेली. गाण्याच्या मंडळाची मुलं जुनी वसंतगीतं म्हणत होती. क्षितिजावर रंग आला आणि सगळी एकदम समुद्रात धावली. किंकाळ्या. पाणी हात सुन्न करणारं. पी-एचवर चुकून पाय पडला असला तर या स्नानाने दोष जातो म्हणे. आपल्याकडे ग्रहण सुटलं की करतात तसंच. भाची ओलीचिंब परत आली, दातावर दात वाजत होते. मी तिचं डोकं माझ्या नऊवारीच्या मऊ धडप्याने पुसलं. ते मी थर्मासबरोबर पिशवीत आणलंच होतं.

*

शेवटची संध्याकाळ. वेस्ट सँड्स, दोन मैलांची पुळण, ओहोटी लागलेली. ‘चॅरियट्स ऑफ फायर’मध्ये सुरुवातीला पांढऱ्या कपड्यांतली मुलं धावतात ती इथे. भाचीने पिशवीभर वाळू घेतली. मी विचारलं नाही.

खोलीवर आल्यावर तिने ती भाजायच्या ट्रेमध्ये पसरली आणि ओव्हनमध्ये वाळवली. चहाच्या गाळणीने दोनदा चाळली. शिंपल्यांचा चुरा वर राहिला, खाली मऊ, फिकट पीठ. तिच्या घरातली मैत्रीण, इथलीच, गावातली, बघत उभी होती. म्हणाली, मी मद्रास कॉलेजात सहा वर्षं होते, हे नाव कुठून आलं ते कधी नीट ऐकलं नव्हतं. भाचीने तिला सगळं सांगितलं, घोडा, वाळू, फ्रिस्कन. मग दादाने पाठवलेला फोटो दाखवला.

मैत्रिणीने बाही वर सारली. भाचीने वाळूत ग काढून दाखवला, हाताने पुसला, ट्रे तिच्याकडे सरकवला. तिने काना आधी ओढला.

“नाही नाही,” भाचीने तिचं बोट धरलं, “आधी ही गाठ. मग काना. रेघ सगळ्यात शेवटी.”